एकट्या भूलतज्ज्ञाने अवघड श्वासमार्गाची तयारी कशी करावी: सांगली जिल्ह्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शक

पदव्युत्तर शिक्षण संपवून जो भूलतज्ज्ञ सांगली-मिरजेत राहून मुक्त व्यवसाय सुरू करतो, त्याचे काम महाविद्यालयातील कामापेक्षा फार वेगळे असते. सकाळी तासगावात सिझेरियन, दुपारी विट्याला हर्निया, आणि रात्री कवठेमहांकाळहून अपघाताच्या पेशंटसाठी फोन, असा दिवस येथे नवलाचा नाही. प्रत्येक ठिकाणचे थिएटर, मशीन आणि सिस्टर वेगळ्या असतात, आणि हाक मारल्याबरोबर शेजारच्या थिएटरातून धावत येणारा सिनियर कुठेच नसतो. मीही याच वाटेने आलो आहे. अवघड श्वासमार्गाची, म्हणजे ज्यांना मास्कने हवा देणे किंवा श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते अशा पेशंटबाबतची, मार्गदर्शक तत्त्वे परीक्षेपुरती सर्वांनाच पाठ असतात. ती तालुक्याच्या थिएटरात कशी उतरवायची हे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. आपल्या भागात साधनांची उणीव आहे, परंतु त्याहून अधिक नडते ते काय करायचे हे आधी ठरवलेले नसणे. पेशंटचा जीव ऑक्सिजन न मिळाल्याने जातो, श्वासनलिकेत नळी न गेल्याने नव्हे. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने लावली आहे. येथे सांगितलेली कौशल्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली हातात बसवलेली असावीत, हे गृहीत धरले आहे.

१. सांगाडा आधी पाठ करा

आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढ, बालके, गरोदर स्त्रिया आणि अतिदक्षता विभागातील पेशंट यांच्यासाठी, तसेच नळी काढण्याच्या टप्प्यासाठी, असे त्यांचे स्वतंत्र भाग आहेत. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ ची चार बेतांची (नळी, सुप्राग्लॉटिक साधन, मास्क आणि गळ्यातून वाट) मांडणी जगभर शिकवली जाते, आणि अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने आपली तत्त्वे २०२२ साली सुधारली. तपशिलात फरक असले तरी गाभा एकच आहे.

भारतीय तत्त्वांनुसार लॅरिंगोस्कोपीचे (पात्याने जीभ उचलून, स्वरयंत्र पाहून नळी घालण्याचे) जास्तीत जास्त तीन प्रयत्न करायचे. पहिला फसताच मदत मागवायची, आणि पुढचे प्रयत्न ऑक्सिजनची पातळी ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच करायचे. नळी गेली नाही तर सुप्राग्लॉटिक साधन, म्हणजे स्वरयंत्राच्या वर बसणारे साधन, त्याचे प्रयत्न दोन. तेही बसले नाही तर स्नायू पूर्ण शिथिल आहेत याची खात्री करून मास्कने हवा देण्याचा एक शेवटचा प्रयत्न, आणि तोही फसला तर गळ्यातून थेट वाट, म्हणजे क्रायकोथायरॉइडोटॉमी. हे सर्व चालू असताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन वाहत राहिला पाहिजे.

ब्रिटिश मांडणीत नळीचे ‘तीन अधिक एक’ प्रयत्न आहेत, आणि तो अधिकचा एक प्रयत्न तुमच्याहून अनुभवी व्यक्तीने करायचा असतो. जत किंवा आटपाडीच्या थिएटरात रात्री अशी व्यक्ती नसते, तेव्हा तो प्रयत्न आपल्या खात्यावर जमा आहे असे कोणी समजू नये.

येथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘एकदा अजून बघतो’. प्रत्येक प्रयत्नागणिक घशाला सूज येते, रक्त येते, आणि सुरुवातीला मास्कने सहज फुगणारी छाती चौथ्या प्रयत्नानंतर फुगेनाशी होते. म्हणून प्रयत्न मोजायला सिस्टरना सांगा. स्वतः मोजणाऱ्याचा आकडा नेहमी कमी भरतो.

२. निघण्यापूर्वी फोनवर विचारा

शस्त्रक्रिया कोणती, पेशंटचे वय आणि वजन किती, पूर्वी कधी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला होता का, मानेला गाठ, भाजल्याचा व्रण किंवा सूज आहे का, हे रुग्णालयातील निवासी डॉक्टरांना विचारा. तोंडात पेशंटची स्वतःची किती बोटे जातात ते त्यांनाच पाहायला सांगा. त्यानंतर थिएटरची चौकशी करा: कॅप्नोग्राफ (श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र) चालू आहे का, जम्बो सिलिंडर भरलेले किती आहेत, सक्शनला (लाळ, रक्त ओढून घेणाऱ्या यंत्राला) इन्व्हर्टरचा आधार आहे का. या चौकशीला दोन मिनिटे पुरतात. काही सर्जनना ती आगाऊपणाची वाटते, पण दोन-चार वेळा झाली की त्यांचे निवासी डॉक्टरच फोन करण्यापूर्वी माहिती गोळा करून ठेवू लागतात.

३. पेशंटला बसवून तपासा

ही तपासणी टेबलावर आडवे केल्यानंतर करायची नसते. पेशंटला खाटेवर समोर बसवा, उजेडाकडे तोंड करायला सांगा आणि ठरलेल्या क्रमाने पाहा.

तोंड किमान तीन बोटे उघडले पाहिजे. खालचा जबडा पुढे सरकवून खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का ते पाहा. जीभ बाहेर काढायला लावून, आवाज न काढता, घशातील पडजीभ आणि मागची भिंत किती दिसते ते बघा. मूळचे भारतीय आणि बोस्टनला काम करणारे डॉ. शेषगिरी मल्लमपाटी यांनी १९८५ साली मांडलेली हीच ती चाचणी. हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर मान मागे टाकून मोजल्यास सहा सेंटिमीटरहून कमी भरता कामा नये. मान मागे किती वळते ते पाहा. एकेकटी चाचणी फारशी विश्वासार्ह नसते. दोन-तीन खुणा एकत्र आल्या की मात्र सावध व्हावे.

मास्कने हवा देणे अवघड जाईल का, याचा अंदाज स्वतंत्रपणे घ्या. दाढी, दात नसणे, स्थूलपणा, पंचावन्नच्या पुढचे वय आणि मोठ्याने घोरणे या खुणा महत्त्वाच्या आहेत. घोरण्याबद्दल पेशंटला विचारून उपयोग नसतो, त्याच्या घरच्यांना विचारा. कवळी असल्यास ती केव्हा काढायची हे तुम्ही ठरवा, कारण गाल बसलेल्या आजोबांना मास्क नीट लागण्यासाठी कवळी तोंडात राहू देणे कधी कधी सोयीचे पडते. नळी घालण्यापूर्वी मात्र ती काढून नातेवाइकांच्या हातात द्यावी.

आता आपल्या भागातील सर्वांत मोठी अडचण. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला मावा गल्लोगल्ली मिळतो, आणि सुपारीमुळे होणारा ओरल सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचे अस्तर ताठ होण्याचा आजार) पंचविशीच्या पोरांतही दिसतो. विचारण्याची पद्धतही जमावी लागते. ‘व्यसन आहे का?’ असे नातेवाइकांसमोर विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. त्यापेक्षा बाजूला बसून, ‘दादा, दिवसाला मावा किती लागतो? पूर्वी किती लागायचा?’ असे सरळ विचारले की, ‘आता बंद केलाय डॉक्टर, पण आधी सात-आठ पुड्या व्हायच्या,’ असे खरे उत्तर मिळते. मग त्याला म्हणा, ‘तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडा, आणि तुमचीच बोटं उभी करून आत घाला.’ दोन बोटे जेमतेम जातात, तिसरे ओठाशी अडते. गालाच्या आतून बोट फिरवले तर मऊ अस्तराऐवजी ताठ, पांढुरके पट्टे हाताला लागतात, आणि तिखट खाल्ले की तोंड भाजते का असे विचारल्यावर तो लगेच मान डोलावतो.

अशा पेशंटबाबत हा मुद्दा मनात पक्का बसवा: भूल दिल्याने किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने हे तोंड उघडत नाही. जबडा येथे स्नायूंच्या आखडण्याने अडलेला नसतो, तंतुमय पट्ट्यांनी बांधलेला असतो. दाढेच्या गळवामुळे तोंड मिटलेल्या पेशंटचा जबडा वेदना गेल्यावर कधी कधी सैल पडतो, पण त्या अनुभवावर विसंबून फायब्रोसिसच्या पेशंटला झोपवू नये. तोंड एक-दीड बोट उघडत असेल तर लॅरिंगोस्कोपचे पाते आणि आय-जेल (एक सुप्राग्लॉटिक साधन) या दोन्हींसाठी वाट नसते, म्हणजे चार बेतांपैकी दोन सुरुवातीलाच बाद झाले. त्याला जागे ठेवून, घसा बधिर करून, नाकातून फायबर-ऑप्टिक दुर्बिणीने नळी घालणे हाच योग्य मार्ग आहे. ज्या रुग्णालयात दुर्बीण नाही किंवा ती हाताळण्याचा सराव नाही, तेथे ही शस्त्रक्रिया घेऊ नये. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शिराळ्याच्या बाजूने कराड जवळ पडते. ‘तेवढ्यासाठी पेशंट पाठवायचा?’ असे सर्जन विचारतील. हो, तेवढ्यासाठीच पाठवायचा.

भाजल्यानंतर मान छातीला चिकटलेले पेशंट आणि जुन्या थायरॉइडच्या गाठी यांनाही हाच नियम लावावा.

४. स्वतःची पिशवी

रुग्णालयात सर्व काही आहे असे सांगितले जाते, आणि ते खरेही असते, फक्त कपाटाची किल्ली ड्यूटीवर नसलेल्या सिस्टरकडे असते. म्हणून पुढील वस्तू स्वतःच्या पिशवीत असाव्यात:

– लॅरिंगोस्कोपचे दोन दांडे, मॅकिंटॉशची ३ आणि ४ क्रमांकाची पाती, शक्य असल्यास मॅककॉय पाते, जादा सेल आणि बल्ब
– परवडत असल्यास चार्जिंगवर चालणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप
– बूजी (नळीला वाट दाखवणारी लांब, लवचीक कांडी) आणि स्टायलेट (नळीला आकार देणारी तार)
– कफ (टोकाजवळचा फुगवता येणारा फुगा) असलेल्या ६.० ते ८.० क्रमांकाच्या नळ्या
– आय-जेल ३, ४ आणि ५ क्रमांकाचे. साधारणपणे ३०-६० किलोला ३, ५०-९० किलोला ४ आणि त्यापुढे ५
– तोंडातून आणि नाकातून घालायचे एअरवे, निरनिराळ्या मापांचे
– अँबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) आणि दोन-तीन मापांचे मास्क
– मॅगिल चिमटा, १० मिलिची सिरिंज, चिकटपट्टी, जेली
– हातात मावणारा कॅप्नोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर
– वेगळ्या पाकिटात, वर ठळक अक्षरांत लिहून: १० क्रमांकाच्या पात्यासह स्काल्पेल, बूजी, ६.० क्रमांकाची कफची नळी, सिरिंज

शेवटच्या पाकिटातील एकही वस्तू इतर कामासाठी काढायची नाही. त्यातली बूजी एखाद्या दिवशी सोय म्हणून वापरली जाते, परत ठेवायची राहते, आणि गरज पडते त्या रात्री पाकिटात फक्त स्काल्पेल निघते.

कागदपत्रांत भूलपूर्व तपासणीचा तक्ता, मराठीतील संमतीपत्र, रेफरलची चिठ्ठी आणि शेवटच्या पायरीत दिलेल्या पत्राचे कोरे नमुने सोबत ठेवा. अवघड श्वासमार्गाची शंका असल्यास ‘गळ्यातून वाट काढावी लागू शकते’ हे वाक्य संमतीपत्रात स्वतंत्रपणे लिहून, वाचून दाखवून सही घ्या.

५. बेत सर्वांसमोर मोठ्याने बोला

इंग्लंडमध्ये २००५ साली नाकाच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेली एक निरोगी स्त्री नळीही घालता येईना आणि ऑक्सिजनही देता येईना अशा अवस्थेत सापडली आणि पुढे दगावली. थिएटरात अनुभवी डॉक्टर एकाहून अधिक होते. नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचे (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याचे) साहित्य आणून ठेवले होते आणि तसे सांगितलेही होते, परंतु डॉक्टर नळीच्याच प्रयत्नात गुंतून राहिले. पुढे या घटनेवरून भूलशास्त्रात संघाने कसे काम करावे याचे शिक्षणच बदलले.

आपल्या थिएटरात परिस्थिती याहून नाजूक असते, कारण सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) डॉक्टरांपुढे बोलायला कचरतात. त्यांना बोलण्याची मुभा तुम्हीच द्यायला हवी. औषध देण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून, साध्या मराठीत, सर्वांना ऐकू जाईल असे सांगा: ‘सिस्टर, मी तीनदा बघणार. प्रत्येक वेळेला आकडा मोठ्याने सांगायचा. पंच्याण्णवच्या खाली गेलं की मला थांबवायचं. तीनदा झालं नाही तर हा हिरवा आय-जेल हातात द्यायचा. तोही बसला नाही आणि छाती हलत नसेल, तर हे पाकीट फाडायचं. मामा, सक्शन चालू करून इथं उशीखाली ठेवा.’ सर्जनलाही विचारा: ‘गळ्यातून वाट काढायची वेळ आली, तर तुम्ही काढणार की मी?’ हा प्रश्न ऐकून बहुतेक सर्जन क्षणभर गप्प होतात. ते औषध देण्यापूर्वी झालेले बरे.

त्याच वेळी कंठमण्याखालचा क्रायकोथायरॉइड पडदा बोटांनी शोधून त्यावर मार्करची खूण करा. मान मागे टाकल्यावर पडद्याची जागा सरकते, म्हणून खूण मान मागे टाकूनच करावी. स्त्रियांत आणि स्थूल पेशंटमध्ये हा पडदा सहज हाताला लागत नाही, त्यांच्यात तर ही खूण आधी करायलाच हवी.

६. ऑक्सिजनचा साठा, छातीतला आणि सिलिंडरमधला

भूल देण्यापूर्वी घट्ट मास्कने तीन मिनिटे नेहमीसारखे श्वास, किंवा घाई असल्यास एका मिनिटात आठ खोल श्वास, शंभर टक्के ऑक्सिजनवर घ्यायला लावा. डोक्याकडची बाजू वीस-पंचवीस अंश उचला. स्थूल पेशंटच्या खांद्याखाली आणि डोक्याखाली घडी घातलेल्या चादरी अशा रचा की कानाचे भोक आणि छातीच्या हाडाचे वरचे टोक एका आडव्या रेषेत येतील. नीट भरलेल्या फुप्फुसांवर निरोगी प्रौढ व्यक्ती श्वास थांबल्यानंतर सात-आठ मिनिटे तग धरू शकते. गरोदर स्त्री, स्थूल व्यक्ती, तापाने फणफणलेले मूल किंवा न्यूमोनियाचा पेशंट यांना त्याच्या निम्माही अवधी मिळत नाही.

म्हणूनच ‘स्कोलिन (स्नायू शिथिल करणारे, लवकर उतरणारे औषध) उतरेल आणि पेशंट स्वतः श्वास घेऊ लागेल’ या भरवशावर राहू नये. नेहमीच्या मात्रेनंतर श्वास परत येण्याच्या आतच अनेकांचा ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो.

आता सिलिंडर. काळ्या नळकांड्याचा आणि पांढऱ्या खांद्याचा लहान बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन देतो, जम्बो डी-टाइप सुमारे ७,००० लिटर. मास्कला १५ आणि नाकातल्या नळीला १५, असे मिनिटाला ३० लिटर चालू ठेवल्यास बी-टाइप पन्नास मिनिटांत रिकामा होतो, आणि काटा एक तृतीयांशावर असेल तर सोळा-सतरा मिनिटांत. नाकातल्या नळीसाठी वेगळा फ्लोमीटर लागतो, तो आधी शोधून ठेवा. कॉन्सन्ट्रेटर या कामाला उपयोगाचा नाही, कारण नेहमीच्या यंत्रातून मिनिटाला पाच ते दहा लिटरच मिळतात.

७. पहिला प्रयत्नच उत्तम करा

पेशंटची मांडणी योग्य, स्नायू पूर्ण शिथिल आणि बूजी हाताशी, अशी तयारी असेल तर पहिल्या प्रयत्नातच बहुतेक काम होते. दिसत नसेल तर उजव्या हाताने बाहेरून स्वरयंत्र हलवून पाहा, आणि ती जागा सापडली की सिस्टरचा हात तेथे ठेवा. फक्त एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचे झाकण) दिसत असेल तर बूजी तिच्या खालून मधोमध सरकवा. श्वासनलिकेच्या कड्यांवर तिचे टोक खडखडते किंवा पुढे जाऊन अडते, पण तो अडथळा जोर लावून पार करू नये, इजा होते. नळी बूजीवरून सरकवताना लॅरिंगोस्कोप काढायचा नाही. नळी अडली तर किंचित मागे घेऊन घड्याळाच्या उलट दिशेने नव्वद अंश फिरवा, ती उतरते.

दुसरा प्रयत्न करायचा तर काहीतरी बदलून करा: पाते, उशी, साधन किंवा हात. काहीही न बदलता केलेला दुसरा प्रयत्न हा पहिल्याचीच पुनरावृत्ती असते. दोन प्रयत्नांच्या मध्ये मास्कने हवा द्या, आणि एका हाताने मास्क बसत नसेल तर दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढून धरा व बॅग दुसऱ्याला दाबू द्या. मामांना हे दाबणे आधी दाखवलेले असावे. छाती जेमतेम उचलेल इतकेच दाबायचे, जोरात दाबल्यास पोट फुगते.

आय-जेल बसून ऑक्सिजन व्यवस्थित जात असेल तर तेथे थांबा आणि विचार करा. शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी असल्यास पेशंटला जागे करणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय असतो. तो घेताना नातेवाइकांपुढे संकोच वाटतो, पण घ्यावा.

८. नळी श्वासनलिकेतच आहे याची खात्री

कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडची लाट येत नसेल, तर नळी श्वासनलिकेत नाही असेच धरायचे. छातीवर आवाज ऐकू आला, नळीत वाफ दिसली, ‘मी जाताना पाहिली’, यांपैकी काहीही लाटेऐवजी चालत नाही. किमान सात श्वासांपर्यंत लाट टिकली पाहिजे. हृदय थांबलेल्या पेशंटमध्येही छाती दाबणे चालू असताना लहानशी लाट येते. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या श्वासमार्गाच्या राष्ट्रीय पाहणीत अतिदक्षता विभागातील मृत्यूंमागे कॅप्नोग्राफी न वापरणे हे एक ठळक कारण निघाले होते. ज्या थिएटरात कॅप्नोग्राफ नाही, तेथे स्वतःचा घेऊन जा किंवा मालकांना घ्यायला लावा. या एका बाबतीत भिडस्तपणा करू नका.

नळी स्त्रियांत समोरच्या दातांशी साधारण २१ आणि पुरुषांत २३ सेंटिमीटरवर बांधा, आणि तो आकडा कागदावर लिहा.

९. नळी जात नाही आणि ऑक्सिजनही जात नाही

ही अवस्था विरळा येते, पण आली की मिनिटांचा खेळ असतो. ‘नळी जात नाही, ऑक्सिजन जात नाही, मी गळ्यातून वाट काढतो आहे’ हे वाक्य मोठ्याने उच्चारा. ते उच्चारल्याने सगळ्यांचे हात त्या एका कामाकडे वळतात. आकडा पंचाहत्तर होईपर्यंत, साठ होईपर्यंत वाट पाहायची नसते. छाती हलत नाही आणि बेत संपले, एवढे पुरेसे आहे.

मान मागे टाका. डाव्या हाताने स्वरयंत्र दोन्ही बाजूंनी पकडून स्थिर करा आणि तर्जनीने पडदा शोधा. स्काल्पेलची धार स्वतःकडे ठेवून पडद्यातून आडवा छेद घ्या. पाते बाहेर न काढता नव्वद अंशांत असे फिरवा की धार पेशंटच्या पायांकडे होईल. पाते हळू स्वतःकडे ओढून फट मोकळी ठेवा, पात्याच्या दुसऱ्या बाजूने बूजीचे वाकडे टोक दहा-पंधरा सेंटिमीटर आत सरकवा, पाते काढा, आणि जेली लावलेली ६.० क्रमांकाची नळी बूजीवरून फिरवत आत न्या. कफ फुगवा, बूजी काढा, लाट पाहा.

पडदा हाताला लागत नसल्यास आधी मधोमध आठ-दहा सेंटिमीटरचा उभा छेद घ्या, बोटांनी ऊती बाजूला सारा, स्वरयंत्र बोटाला लागले की वरील कृती करा. रक्त येईलच, त्याने थबकू नका. ही पद्धत प्रौढांसाठी आहे. आठ वर्षांखालील मुलांमध्ये पडदा फार लहान असल्याने वेगळा मार्ग घ्यावा लागतो, आणि तो बालभूलतज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे शिकावा.

सराव कोठे करायचा, असे नवे लोक विचारतात. खाटकाकडून शेळीचे स्वरयंत्र आणून ते थर्माकोलवर टाचण्यांनी बसवा आणि त्यावर कापडाची घट्ट पट्टी ओढा. दर काही महिन्यांनी एकदा, थिएटरच्या सिस्टरना सोबत घेऊन हे करावे.

१०. कॅज्युअल्टीतले आपले पेशंट

द्राक्षपट्ट्यात फवारणीचे औषध पोटात गेलेला पेशंट येतो तेव्हा तोंडातून फेस आणि घशात लाळ भरलेली असते. अ‍ॅट्रोपिन (लाळ आटवणारे औषध) आणि सक्शन आधी. ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत स्कोलिनचा परिणाम कितीतरी लांबतो, कारण त्याला मोडणारे एन्झाइमच निकामी झालेले असते. जुनी भाजलेली जखम किंवा ट्रॉलीखाली बराच वेळ चिरडलेले अंग असेल तरी स्कोलिन टाळावे, रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढते. अशा वेळी रोक्युरोनियम हे स्नायू शिथिल करणारे दुसरे औषध किलोमागे १.२ मिलिग्रॅम वापरतात, मात्र ते लवकर उतरत नाही हे हिशेबात धरावे.

महामार्गावरच्या अपघातात मानेचा पट्टा पुढून मोकळा करून एका व्यक्तीला दोन्ही हातांनी डोके सरळ धरून ठेवायला सांगा. पट्टा बांधलेला ठेवून तोंड पुरेसे उघडत नाही.

दाढ किडून हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज आलेला, जीभ वर उचललेला, लाळ गिळता न येणारा मधुमेही पेशंट हा सर्वांत फसवा. तो बसून बोलत असतो. त्याला आडवे करू नका, झोपेचे औषध देऊ नका. बसवूनच ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन करून अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टची गाडी मागा, आणि ज्या रुग्णालयात पाठवता तेथील भूलतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ या दोघांशी स्वतः बोला. प्रवास दीड-दोन तासांचा असेल आणि श्वास घरघरू लागला असेल, तर निघण्यापूर्वीच सर्जनसह जागेपणी ट्रॅकिओस्टॉमीचा विचार करावा लागतो.

११. नळी काढताना

अर्ध्या लोकांचे लक्ष येथे सुटते, कारण शस्त्रक्रिया संपलेली असते आणि सर्जनचा पुढचा पेशंट वाट पाहत असतो. ज्याची नळी घालायला अवघड गेली, त्याची नळी तो पूर्ण जागा, सांगितलेले ऐकणारा, स्नायूंत ताकद आलेला आणि अर्धवट बसलेला असतानाच काढायची. घसा नीट सक्शन करा, ऑक्सिजन भरा, सगळी साधने उघडीच ठेवा. कफ सैल केल्यावर नळीभोवतून हवा निसटत नसेल तर सूज आहे असे समजून थांबा. शंका असेल तर नळीसह हलवा, रात्रभर व्हेंटिलेटरवर राहू द्या.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर मान फुगू लागून श्वास कोंडला, तर पेशंटला थिएटरपर्यंत न्यायची वाट न पाहता खाटेवरच टाके उघडून, आतल्या स्नायूंचा थरही मोकळा करून साचलेले रक्त बाहेर काढायचे असते. त्यासाठीचे साहित्य पहिली रात्र उशाशी ठेवा आणि वॉर्डच्या सिस्टरना दाखवा.

नळीसाठी बरीच खटपट झालेल्या पेशंटला मान किंवा छाती दुखणे, ताप, गिळताना वेदना, मानेवर दाबल्यावर कुरकुरणे यांपैकी काही झाले तर तत्काळ कळवा, असे सिस्टर आणि नातेवाईक दोघांना सांगा. अन्ननलिकेला किंवा घशाला छिद्र पडल्याची ती लक्षणे असू शकतात, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उमटतात.

१२. पत्र लिहून द्या

नोटमध्ये ‘डिफिकल्ट इंट्युबेशन’ एवढेच लिहिल्याने पुढच्या भूलतज्ज्ञाला काहीही कळत नाही. मास्कने हवा गेली का, कोणत्या पात्याने काय दिसले, किती प्रयत्न झाले, शेवटी कशाने काम झाले, नळी काढताना काय झाले, हे पाच मुद्दे लिहा. पेशंटसाठी वेगळे पत्र मराठीत द्या. त्यातला मजकूर साधारण असा असावा: ‘यांना पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड गेले. यापुढे कोणतीही शस्त्रक्रिया, दाताचे उपचार किंवा बाळंतपण असल्यास हे पत्र भूलतज्ज्ञांना आधी दाखवावे.’ खाली तारीख, तुमची सही आणि वरील पाच मुद्द्यांचा गोषवारा इंग्रजीत.

पत्राच्या दोन प्रती काढा, एक फायलीत लावा. दुसरी पेशंटला शुद्ध आल्यावर, घरातील कर्त्या माणसासमोर वाचून दाखवून द्या. डिस्चार्जच्या कागदांत ती हरवते, म्हणून आधार कार्ड आणि रेशन कार्ड ज्या पिशवीत असते त्यात ठेवायला सांगा, आणि नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो तुमच्यासमोरच काढून घ्यायला लावा.